वर्षाचें काम व वर्षाचा खेळ : संगणकावरील फुटबॉल

आपल्या घरीं ज्या वस्तु येतात त्यांचे दोन वर्ग करतां येतील. कांहीं वस्तु एकदां आणल्या म्हणजे पुष्कळ वर्षें पुरतात. पाटा, जातें, लोखंडी पेटी या त्या जातीच्या होत. दुसऱ्या कांहीं दर वर्षीं नव्या आणाव्या लागतात. पंचांग हें त्यांपैकीं एक. गेल्या वर्षाचें पंचांग यंदा कामास येत नाहीं, कारण तिथि व ग्रहांचीं स्थानें बदललेलीं असतात. परंतु पंचांग ज्या गणितानें करतात तें गणित कांहीं दर वर्षीं नवें नसतें. हा भेद विद्यार्थ्यांनीं ध्यानांत ठेवावा. प्रस्तुत पाठांत त्याचा आपणांस पुष्कळ उपयोग होणार आहे.

संगणकावर खेळावयाचा फुटबॉल ही अशीच दर वर्षीं नवी निघणारी वस्तु आहे. साधारणपणें सप्टेंबर महिन्याच्या अखेरीस तिची नवी आवृत्ति बाहेर पडते, नांवापुढील आंकडा एकानें वाढतो, आणि साक्रीसारख्या तालुक्याच्या गांवींहि मुलगा वडिलांपाशीं जाऊन म्हणतो, "आप्पा, यंदाचा नवा आला." वडील विचारतात, "मग गेल्या वर्षीं घेतलेला मोडला काय रे?" मुलाचा उत्साह खरा आहे आणि वडिलांचा प्रश्नहि योग्य आहे. एका वर्षांत या खेळांत खरोखर नवें काय होऊं शकतें व काय होऊं शकत नाहीं, याचा आम्ही येथें विचार करणार आहों.

प्रथम थोडा इतिहास सांगतों. 'फिफा इंटरनॅशनल सॉकर' या नांवाचा खेळ १९९३ सालच्या अखेरीस निघाला. तो इलेक्ट्रॉनिक आर्ट्स या अमेरिकन कंपनीच्या कॅनडांतील स्टुडिओंत तयार झाला होता. पुढील वर्षीं तो घरगुती संगणकांसाठींहि आला. तेव्हांपासून दर वर्षीं त्याची एक आवृत्ति निघत आली. पुढें ती कंपनी व फिफा ही जागतिक संस्था यांचा नांवाविषयींचा करार संपला, आणि तोच खेळ 'ईए स्पोर्ट्स एफसी' असें नवें नांव घेऊन २९ सप्टेंबर २०२३ रोजीं बाजारांत आला. जपानांतील कोनामी या कंपनीचा 'प्रो इव्होल्यूशन सॉकर' हा त्याचा जुना प्रतिस्पर्धी. तिसरा खेळ इंग्लंडांतला. पॉल व ऑलिव्हर कॉलियर या दोघां भावांनीं केलेला 'चॅम्पियनशिप मॅनेजर' १९९२ सालीं निघाला. त्यांत चेंडू मारावयाचा नसून संघ चालवावयाचा असतो. कोणास खेळवावें, कोणास विकावें, पगार किती द्यावा, हें सारें आंकड्यांवरून ठरवावयाचें. प्रकाशकाशीं फारकत झाल्यावर जुनें नांव प्रकाशकाकडे राहिलें, आणि कर्त्यांनीं आपलें काम २००४ पासून 'फुटबॉल मॅनेजर' या नांवानें पुढें चालविलें. नांव गेलें तरी विद्या कर्त्यापाशींच राहते, ही गोष्ट या दोन्ही उदाहरणांत दिसून येते.

आतां हा खेळ आंतून कसा रचलेला असतो तें पाहूं. समजण्यास सोपें जावें म्हणून आम्ही त्याचे चार थर कल्पितों.

अगदीं तळाशीं पाया असतो. त्यास या धंद्यांत इंजिन म्हणतात. पडद्यावर चित्र काढणें, उजेड व सांवली पाडणें, चेंडूस गति देणें, हें इंजिनाचें काम. पडद्यावरील हालचाल ही खरोखर एकामागून एक दाखविलेल्या स्थिर चित्रांची माळ असते. एका सेकंदांत अशीं ६० चित्रें दाखवावयाचीं असें धरलें, तर एका चित्रासाठीं यंत्रास सेकंदाचा साठावा भाग मिळतो. तेवढ्या अवधींत बावीस खेळाडू कोठें आहेत, चेंडू कोठें आहे, हें ठरवून चित्र पुरें करावें लागतें. सहा-सहा मिनिटांच्या दोन डावांचा सामना घेतला, तर १२ मिनिटांचे ७२० सेकंद होतात आणि चित्रें ४३,२०० होतात. बावीस खेळाडूंच्या जागा मोजल्या तर हा आंकडा ९,५०,४०० वर जातो. एवढें गणित आपला मुलगा बोटानें कळ दाबीत असतां यंत्र मुकाट्यानें करीत असतें.

दुसरा थर हालचालींचा. धांवणें, वळणें, पडणें, उडी मारणें या गोष्टी हातानें रेखाटल्या तर कृत्रिम दिसतात. म्हणून खऱ्या खेळाडूंच्या अंगावर मापक यंत्रें बसविलेले पोषाख चढवून त्यांच्या हालचाली टिपून घेतात. २०२१ सालच्या 'फिफा २२' साठीं एकाच वेळीं बावीस खेळाडूंस असे पोषाख घालून पुरा सामना खेळविला. त्यांतून ८७ लाखांहून अधिक चित्रांइतकी नोंद मिळाली, आणि तिच्यावरून चेंडूकडे जातांना पाऊल कसें पडावें हें संगणकास शिकविण्यांत आलें.

तिसरा थर बुद्धीचा. मुलगा एका वेळीं आपल्या संघांतील एकच खेळाडू चालवितो; उरलेले एकवीस जण संगणक चालवितो. कोणीं धांवून जागा काढावी, कोणीं मागें थांबावें, गोलरक्षकानें केव्हां पुढें यावें, हें सारें आधीं लिहून ठेवावें लागतें. हा थर फार नाजूक आहे. बचाव करणारा खेळाडू किंचित् चपळ केला कीं सर्वच सामन्यांतले गोल कमी होतात. किंचित् मंद केला कीं मोजावयास बोटें पुरत नाहींत. म्हणून एक दोष काढला कीं पुन्हां असंख्य सामने खेळून दुसरा दोष शिरला नाहीं ना, हें पाहावें लागतें.

चौथा आणि सर्वांत वरचा थर नोंदवहीचा. 'फिफा २३' या आवृत्तींत १९,००० हून अधिक खेळाडू, ७०० हून अधिक संघ व १०० मैदानें होतीं. प्रत्येक खेळाडूची गति, ताकद, नेम, दम वगैरे तीस गुण मोजले असें धरलें, तरी ५,७०,००० आंकडे भरावे लागतात. जगांतील निरनिराळ्या देशांत सामने पाहून हे आंकडे कळविणारे हजारो लोक असतात. शिवाय संघाचें नांव, चिन्ह व पोषाख हीं त्या संघाची मालमत्ता असल्यामुळें प्रत्येकाचा परवाना घ्यावा लागतो. आपल्या मुंबईंत १८९१ पासून रोव्हर्स कपाचे सामने सुरू झाले, आणि फुटबॉल ही आपल्याकडे कांहीं नवी विद्या नव्हे. तरी 'फिफा २२' या आवृत्तींत इंडियन सुपर लीगचे संघ आले, तेव्हां मुंबई सिटी व एफसी गोवा हे संघ आपल्या मुलांस खऱ्या नांवांनीं त्या खेळांत खेळवितां आले. नोंदवहींतल्या एका पानाचें मोल किती असूं शकतें तें यावरून कळेल.

हे चार थर समजले म्हणजे वर्षाचा हिशेब मांडणें सोपें जातें. युरोपांतील फुटबॉलचा हंगाम ऑगस्टांत सुरू होतो. खेळाडू एका संघांतून दुसऱ्या संघांत जाण्याची मुदत साधारणपणें ऑगस्टअखेर संपते, आणि लोकांस नव्या हंगामाचा खेळ सप्टेंबरअखेर हवा असतो. म्हणजे तारीख कर्त्याच्या हातीं नाहीं. ती हंगामानें ठरविलेली आहे. आषाढांत पाऊस पडून गेल्यावर पेरणीचा विचार करून चालत नाहीं, तसेंच हें आहे. मागील आवृत्ति बाहेर पडल्यावर तींतील चुका दुरुस्त करण्यांत कांहीं काळ जातो. पुढील आवृत्ति तपासून, बांधून, निरनिराळ्या यंत्रांवर चालवून पाहण्यास शेवटचे कांहीं महिने लागतात. मधल्या थोड्या महिन्यांत जें बसेल तेवढेंच नवें.

एवढ्या अवधींत नोंदवही नवी होते. ती दर वर्षीं झालीच पाहिजे. कांहीं हालचाली नव्या होतात. बुद्धींत एक-दोन सुधारणा होतात. परंतु पाया मात्र एका वर्षांत बदलतां येत नाहीं. पाया बदलावयाचा म्हणजे वरचे तीनहि थर उतरवून पुन्हां चढवावे लागतात. म्हणून दर वर्षींचा खेळ हा बहुतांशीं पंचांगासारखा असतो. तिथि नव्या, गणित जुनें. यांत फसवणूक आहे असें आम्ही म्हणत नाहीं. नोंदवहीचें काम खरें आहे व कष्टाचेंहि आहे. परंतु नोंदवही नवी करून सगळें घर नवें बांधलें असें जाहिरातींत सांगणें, हें मात्र योग्य नव्हे. आणि तसें सांगितलें असतां विश्वास ठेवणें, हेंहि शहाणपणाचें नव्हे.

संगणकावर खेळणाऱ्यांच्या वाट्यास यांत आणखी एक अडचण आलेली आहे. टेलिव्हिजनला जोडावयाचीं खेळाचीं यंत्रें एका जातीचीं सर्व सारखीं असतात. त्यांतील शक्ति कर्त्यास आधींच ठाऊक असते. घरगुती संगणकांचें तसें नाहीं. एकाकडे यंदाचा, दुसऱ्याकडे दहा वर्षांपूर्वींचा, तिसऱ्याकडे शाळेंत ठेवलेला. त्या सर्वांवर चालेल असा खेळ करावयाचा तर दुबळ्या यंत्राचा विचार करावा लागतो. म्हणूनच असें झालें कीं टेलिव्हिजनच्या नव्या यंत्रांसाठीं २००७ सालच्या 'फिफा ०८' मध्यें जो नवा पाया होता, तो संगणकावर २०१० सालच्या 'फिफा ११' मध्यें आला. २०१३ सालीं पुन्हां तोच प्रकार झाला. नव्या यंत्रांस 'फिफा १४' नव्या पायावर मिळाला, आणि संगणकास तो पाया पुढच्या वर्षीं मिळाला. 'फिफा २१' व 'फिफा २२' यांच्या वेळीं तिसऱ्यांदां तेंच. ज्या नव्या हालचालींचें वर्णन आम्हीं वर केलें, त्या 'फिफा २२' च्या संगणकावरील आवृत्तींत नव्हत्याच. त्या ३० सप्टेंबर २०२२ रोजीं निघालेल्या 'फिफा २३' मध्यें संगणकावर आल्या. पुष्कळ लोकांचे संगणक तेवढ्या शक्तीचे नाहींत, असें कारण कंपनीनें सांगितलें होतें.

यांत न्याय कोणता, हा प्रश्न विचार करण्याजोगा आहे. आम्हां शिक्षकांस तो रोज पडतो. शेवटच्या बांकावरील मुलास समजेल अशा बेतानें शिकवावें तर पुढचा मुलगा कंटाळतो. पुढच्यास शोभेल असें शिकवावें तर मागचा सुटून जातो. आमच्या मतें मागच्यास सोडूं नये, हेंच बरोबर. ज्या घरीं जुना संगणक आहे त्या घरच्या मुलासहि खेळतां आलें पाहिजे. परंतु त्याबरोबर दुसरेंहि एक कर्तव्य येतें. ज्यास कमी दिलें त्यास कमी दिलें असें स्पष्ट सांगावें. वेष्टनावर तोच आंकडा व तेंच नांव घालून आंत निराळी वस्तु ठेवावयाची, आणि तो भेद बारीक अक्षरांत लिहावयाचा, ही रीत चांगली नव्हे.

मग पाया बदलावा तरी केव्हां? याचें उत्तर शेतकऱ्यांच्या मुलांस आम्हीं सांगावयास नको. जमीन सारखी पिकवून थकली म्हणजे एखादें वर्ष ती पड ठेवतात. या धंद्यांतहि तसें करणारे निघाले आहेत. कोनामी कंपनीनें २०२० सालीं संपूर्ण नवा खेळ न काढतां केवळ हंगामाची नवी नोंदवही काढली, ती तशीच आहे असें तिच्या नांवांतच लिहिलें, आणि किंमतहि कमी ठेविली. नव्या पायाचें काम हातीं घेतलें असल्यामुळें असें केलें, हेंहि सांगितलें. इतकें प्रशंसनीय झालें. परंतु पुढचें पाऊल घाईचें पडलें. नव्या पायावरचा 'ई-फुटबॉल' ३० सप्टेंबर २०२१ रोजीं ठरल्या हंगामांत बाहेर पडला तो अर्धवट होता. खेळाडूंचे चेहरे व हालचाली पाहून लोक हंसले, कंपनीस क्षमा मागावी लागली, आणि नीट केलेली आवृत्ति एप्रिल २०२२ मध्यें आली. खेळ फुकट होता, तरी अर्धवट वस्तूची लाज फुकटपणानें झांकली गेली नाहीं.

याहून मोठें उदाहरण 'फुटबॉल मॅनेजर' चें आहे. लंडनच्या स्पोर्ट्स इंटरॅक्टिव्ह या कर्त्यांनीं आपला जुना पाया सोडून नवा घेण्याचें ठरविलें. २०२५ ची आवृत्ति नोव्हेंबर २०२४ मध्यें यावयाची होती. ती आधीं मार्च २०२५ वर ढकलली. तरीहि काम मनासारखें होईना. तेव्हां फेब्रुवारी २०२५ मध्यें त्यांनीं ती आवृत्ति रद्द केल्याचें जाहीर केलें, आणि ज्यांनीं आगाऊ पैसे भरले होते त्यांस ते परत देण्याची सोय केली. वर्षानुवर्षें न चुकलेला क्रम त्या वर्षीं मोडला. पुढें ४ नोव्हेंबर २०२५ रोजीं २०२६ ची आवृत्ति नव्या पायावर निघाली, आणि तींत स्त्रियांच्या फुटबॉलचाहि प्रथमच समावेश झाला. नव्या घरांत कुरकुरणारीं दारें असतातच, तशा तक्रारी याहि आवृत्तीविषयीं झाल्या. परंतु जें तयार नाहीं तें विकूं नये, हा धडा त्या कर्त्यांनीं नुकसान सोसून घालून दिला.

आपल्या महाराष्ट्रांतलें उदाहरण पाहावयाचें तर फुटबॉल सोडून क्रिकेटकडे, आणि संगणक सोडून मोबाइलकडे वळावें लागतें. पुण्याच्या नॉटिलस मोबाइल या कंपनीचा 'रिअल क्रिकेट' हा खेळ आमच्या बहुतेक विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. त्याच्याहि नांवापुढें वर्षाचा आंकडा असतो. '१८', '१९' व '२०' हे आंकडे ओळीनें आले. त्यानंतर मात्र '२२' आला व मग '२४'. मधले आंकडे गाळले म्हणून खेळणाऱ्यांचें कांहीं अडलें नाहीं. पुढें २०२५ सालीं कोरियांतील क्राफ्टन या कंपनीनें नॉटिलसमधील मोठा हिस्सा विकत घेतला. दर वर्षीं आंकडा बदललाच पाहिजे असा कांहीं सृष्टिनियम नाहीं, हें यावरून स्पष्ट होतें.

पालकांस दोन शब्द सांगणें आवश्यक वाटतें. या खेळांची किंमत एकदां देऊन काम भागत नाहीं. २००९ सालापासून फिफाच्या खेळांत 'अल्टिमेट टीम' नांवाचा भाग आला. त्यांत खेळाडूंच्या चिठ्ठ्यांचीं बंद पाकिटें मिळतात, तीं खरे पैसे देऊनहि घेतां येतात, आणि आंत कोण निघेल हें नशिबावर असतें. बेल्जम देशाच्या सरकारी आयोगानें अशा पाकिटांस २०१८ सालीं जुगार ठरविलें, आणि २०१९ च्या जानेवारीअखेर कंपनीनें त्या देशांत पाकिटांसाठीं लागणाऱ्या नाण्यांची विक्री बंद केली. शिवाय नवी आवृत्ति आली म्हणजे जुन्या आवृत्तींतील चिठ्ठ्या मागेंच राहतात. तेव्हां मुलास खेळूं द्यावें, परंतु पैसे भरण्याचा गुप्त आंकडा मुलाच्या हातीं देऊं नये. आणि 'नवा आला' असें तो म्हणेल तेव्हां रागावूं नये. त्यास शांतपणें तीन प्रश्न विचारावे. पाया नवा आहे कीं नोंदवही? आपल्या संगणकावर येणारी वस्तु जाहिरातींतलीच आहे काय? आणि तीन महिने थांबलें तर काय बिघडेल? बहुधा असें आढळून येईल कीं थांबल्यानें चुका दुरुस्त झालेल्या असतात व किंमतहि उतरलेली असते.

विद्यार्थ्यांस सांगणें निराळें आहे. हा खेळ कोणा जादूगारानें केलेला नाहीं. तुम्हीं शिकतां त्याच विषयांनीं तो बनलेला आहे. फिरकी दिलेला चेंडू हवेंत कां वळतो, हें पदार्थविज्ञान सांगतें. जागा, वेग व कोन हें भूमितीचें काम. मैदान व चेहरा काढण्यास चित्रकला लागते, समालोचन लिहिण्यास भाषा लागते, आणि हजारो संघांचीं नांवें न चुकतां लिहिण्यास ती शिस्त लागते जिला तुम्हीं शुद्धलेखनाच्या तासाला कंटाळतां. कर्त्यांच्या पंक्तींत बसण्याची इच्छा ज्यास असेल त्यानें या विषयांपासून आरंभ करावा.

आणि आणखी एक. शाळेंतील आपलें वर्षहि असेंच आहे. जूनमध्यें वह्या नव्या येतात, इयत्तेचा आंकडा एकानें वाढतो. परंतु पाया नवा झाला कीं केवळ वहीचें वेष्टन नवें झालें, हें ज्याचें त्यानें तपासावें. अपूर्णांक पांचवींत कच्चे राहिले असतील तर नववींत ते आपोआप पक्के होत नाहींत. त्यासाठीं एखादी दिवाळीची सुटी पड ठेवून तळापासून काम करावें लागतें. त्यांत कमीपणा मुळींच नाहीं.

अभ्यासासाठीं प्रश्न

१. सामना ९० मिनिटांचा व दर सेकंदास ६० चित्रें, तर एकूण चित्रें किती?

२. आपल्या शाळेच्या फुटबॉल संघांतील अकरा मुलांचे प्रत्येकीं दहा गुण ठरवून त्यांस १ ते १०० पर्यंत आंकडे द्या. दुसऱ्या मित्राचे आंकडे निराळे आले तर कोणाचे बरोबर, हें कसें ठरवाल?

३. आपल्या गांवांतील दर वर्षीं नव्या होणाऱ्या पांच गोष्टींची यादी करा, आणि प्रत्येकींत पाया कोणता व नोंदवही कोणती तें लिहा.

४. जुना संगणक असलेल्यांस धरून चालावें कीं नव्या संगणकाची पुरी शक्ति वापरावी? दोन्ही बाजूंनीं दहा-दहा ओळी लिहून वडिलांस वाचून दाखवा.